प्रतिसादी वेबरचना

प्रतिसादी वेबरचना ही संकेतस्थळाच्या मांडणीची एक पद्धत असून तिच्यात एकच पान भ्रमणध्वनी, टॅब्लेट व संगणक यांच्या पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलते. ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही मूळ संज्ञा ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकातील लेखात रूढ केली.

कार्यपद्धती

मार्कोट यांनी तीन घटक सांगितले: टक्केवारीने मोजलेली लवचीक जाळी, चौकटीबाहेर न जाणारी चित्रे आणि रुंदीनुसार वेगवेगळे नियम लागू करणारी ‘मीडिया क्वेरी’. याखेरीज पानाच्या शीर्षभागात ‘व्ह्यूपोर्ट’ची सूचना असावी लागते. ती नसल्यास आयफोनवरील सफारी पानाची रुंदी ९८० पिक्सेल गृहीत धरून ते आक्रसून दाखवतो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात.

रुंद तक्ते ही यातील सर्वांत अवघड बाब होय. मोर्शी तालुक्यातील शेतकऱ्याला ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका व गाव निवडून आपला सातबारा पाहता येतो. परंतु त्यातील गाव नमुना बारा हा मुळात कागदी नोंदवहीसाठी आखलेला, अनेक रकान्यांचा तक्ता आहे. असा तक्ता अरुंद पडद्यावर दामटून बसवला, तर क्षेत्राचे आकडे कोणत्या पिकासमोरचे हेच कळेनासे होते. त्यापेक्षा वर्ष व हंगाम यांचे रकाने जागीच ठेवून उरलेला तक्ता आडवा सरकू देणे अधिक सोयीचे असते.

देवनागरीतील अडचणी

‘मोर्शी’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र तो म, ओकार, र, हलन्त, श आणि दीर्घ वेलांटी अशा सहा घटकांचा आहे. त्यातील रफार वेलांटीच्याही वर बसतो. इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून ओळीची उंची बेताची राखली आणि चौकटीबाहेरचा भाग लपवला, तर हा रफार कापला जाऊन ‘मोशी’ उरते. आणि मोशी हे तर पुण्याजवळचे वेगळेच गाव आहे! शीर्षक ठरावीक घटकांनंतर तोडल्यास ‘मोर्’ असा अर्धवट शब्द राहू शकतो. अक्षरांमधील अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. पानाची भाषा ‘एमआर’ या संकेताने नोंदवल्यास, टंकात सोय असेल तर, ल आणि श यांची मराठी वळणे उमटतात.

चाचणी

ब्राउझरांची नावे अनेक असली तरी त्यांमागील प्रमुख इंजिने तीनच आहेत: क्रोम व एज यांचे ब्लिंक, फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट. आयफोनवर ॲपलच्या नियमामुळे क्रोमही वर्षानुवर्षे वेबकिटवरच चालत आला आहे. त्यामुळे क्रोम आणि एज यांत पान तपासणे म्हणजे बव्हंशी एकच इंजिन दोनदा तपासणे होय. संगणकावरील ब्राउझरची खिडकी लहान करून पाहणे हा प्राथमिक उपाय ठीक आहे. तथापि बोटाने दाबता येईल एवढे बटण, वर येऊन निम्मा पडदा व्यापणारा कळफलक आणि उन्हात दिसणारी अक्षरे यांची परीक्षा प्रत्यक्ष फोनवरच होते. चाचणीसाठी भरताड लॅटिन मजकूर वापरण्याचा प्रघात मराठी पानांना निरुपयोगी आहे. त्याऐवजी मोर्शी, दर्यापूर, दऱ्या, कर्तृत्व, ट्रॅक्टर असे रफार, रकार व जोडाक्षरांचे शब्द घ्यावेत. यांतील ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ पडद्यावर वेगळे दिसतात की नाही, हे प्रत्येक इंजिनात स्वतंत्रपणे पाहावे लागते.