कलेची रुजुवात

तांबड्या लेसरच्या प्रकाशाची लहर एका सेकंदात सुमारे ४७४ लाख कोटी आंदोलने करते, आणि कोणत्याही कॅमेऱ्याला तो वेग गाठता येत नसल्यामुळे त्याच्या दप्तरी दाखल होते ती केवळ सरासरी तीव्रता; लहरीचे शिखर कोठे आधी पोहोचले आणि कोठे मागाहून, हा जो तिच्या कलेचा तपशील, तो नोंदण्यापूर्वीच खारीज होतो. दुर्दैव असे, की वस्तूच्या आकाराची बहुतेक खबर त्या कलेतच दडलेली असते.

एका प्रयोगशाळेत मी हे काम पाहिले, तेव्हा पातळ पत्र्यात कोरलेल्या आकृतीतून निघालेला प्रकाश भिंगाच्या नाभीप्रतलात ठेवलेल्या कॅमेऱ्यावर पडत होता, आणि त्यात आकृतीचा मागमूसही नव्हता. मध्यभागी तेजाचा पुंज, भोवती विखुरलेले मंद ठिपके. संगणकाने प्रत्येक बिंदूच्या तीव्रतेचे वर्गमूळ काढून आयाम ठरविला, त्याला वाटेल ती कला जोडली आणि फूरिए रूपांतराने उलट हिशेब करून चित्र मांडले; ते अर्थातच निरर्थक निघाले, परंतु आकृती अमुक चौकटीबाहेर असूच शकत नाही एवढे ठाऊक असल्यामुळे बाहेरचे सर्व शून्य करून पुन्हा सुलट हिशेब केला, नव्याने आलेली कला तेवढी राखली आणि आयाम मात्र मोजलेलेच कायम केले. एखादे प्रकरण मामलेदार कचेरी आणि भूमापन कचेरी यांच्यात फिरत राहावे, प्रत्येकीने आपल्यापुरती दुरुस्ती करून ते परत धाडावे आणि अखेरीस दोन्हीकडच्या नोंदींची रुजुवात पटावी, तसा हा व्यवहार. येथे मात्र शेकडो फेऱ्या काही सेकंदांत उरकतात, हे कचेऱ्यांच्या अनुभवात बसणारे नव्हे.

१९७२ मध्ये गर्चबर्ग आणि सॅक्स्टन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ही येरझार मांडली, तेव्हा त्यांच्यापाशी प्रतिमा आणि विवर्तन या दोन्ही ठिकाणच्या तीव्रता होत्या. जेम्स फीनप यांनी १९७८ मध्ये एकाच ठिकाणच्या तीव्रतेवर भागविले. पडद्यावर त्रुटीचा आकडा प्रथम झपाट्याने उतरतो आणि मग जागीच ठाण मांडतो. त्यावर फीनप यांचा उपाय मला फार मार्मिक वाटला: चौकटीबाहेर उमटलेले सरसकट खोडण्याऐवजी मागील फेरीच्या किमतीतून त्याचा ठरावीक अंश वजा करायचा. असे करताच आकडा काही काळ बिघडतो, पण कोंडी फुटते.

मध्यावरील तेज कॅमेऱ्याला सोसवत नाही, म्हणून पुष्कळदा तेथे आडोसा धरतात आणि तेवढी नोंद गहाळ होते. १९९९ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे सोन्याच्या सूक्ष्म ठिपक्यांनी रेखलेली अक्षरे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून, भिंगावाचून वाचली गेली, तेव्हाही ही उणीव साध्या सूक्ष्मदर्शकातील चित्रावरून भरून काढावी लागली होती.

मी पाहिलेल्या प्रयोगात एकदा आकृती उलटी उमटली. काम करणाऱ्या विद्यार्थिनीने ती निमूटपणे फिरवून घेतली, कारण सुलट आणि उलट या दोहोंची तीव्रता तंतोतंत एकच असल्यामुळे त्यांत निवाडा करण्यास पुरावाच नसतो. खरी अडचण दोन्ही एकमेकींवर चढून बसतात तेव्हाची. त्या वेळी चौकटीचा एक भाग काही फेऱ्यांपुरता झाकून एकीचा पक्ष मुद्दाम दुबळा करावा लागतो.