बेसा : शिवारातून शहराकडे

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा मार्ग व लोहमार्ग यांच्या पूर्वेला, बेसा नावाचे एक लहानसे खेडे होते. भोवताली काळीभोर जमीन, तीत डोलणारी पिके आणि पलीकडे पिपळ्याचे शिवार. शहरवासीयांना ते फार दूर वाटे.

१९५१ मध्ये नागपूर येथे महानगरपालिका स्थापन झाली. पुढे शहराचा विस्तार होत गेला, तशा आतील भागातील जागाही महाग झाल्या. मोजक्या वेतनावर संसार चालविणाऱ्या माणसाने घर बांधावे कोठे? त्याला बेसा येथील स्वस्त भूखंड परवडला. आप्तेष्ट मात्र विचारीत, "अहो, त्या रानात कोण राहावयास जाईल?"

त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. काळी माती पावसात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसते. अशा मातीवरच पाया ठेवला, तर भिंतींना भेगा पडतात. म्हणून तो खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. स्वस्त भूखंडावरचे घर याप्रमाणे महाग पडे. पावसाळ्यात रस्त्यांवर चिखल होई. शहरात जाताना मनीषनगरजवळील रेल्वेफाटक बंद असले, म्हणजे गाडी जाईपर्यंत खोळंबावे लागे. तरीही माणसे टिकून राहिली.

पुढे दिवस पालटले. खापरीजवळ मिहान प्रकल्प उभा राहिला. मार्च २०१९ मध्ये वर्धा मार्गाने खापरी ते सीताबर्डी मेट्रो धावू लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये मनीषनगरचा भुयारी मार्ग खुला झाला आणि फाटकापाशी थांबण्याचा त्रास सरला. ग्रामपंचायतीच्या जागी बेसा-पिपळा नगरपंचायत आली. जेथे जाण्यास लोक कचरत, तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आणि "आमचे घर बेसा येथे आहे" हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाऊ लागले.

परंतु लौकिकाबरोबर किंमतही चढते. ज्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांमुळे ही वस्ती वसली, तशाच कुटुंबांना आज घरासाठी आणखी दूरचे शिवार शोधावे लागते. आणि शिवारावर घरे उठली, की तेथील पीक कायमचे जाते.

वस्तीला नावलौकिक केवळ रस्त्यांनी व इमारतींनी मिळत नाही. चिखल तुडवीत जे प्रथम राहावयास आले, त्यांच्या चिकाटीचाही त्यात वाटा असतो. अशा माणसांना परवडेल असे घर देणे, ही वाढत्या नगराची खरी कसोटी होय.