02525 च्या मुलखातलं वायफाय

पालघर आणि बोईसर यांचा एसटीडी कोड एकच, 02525. एमटीएनएलची हद्द इकडे कधी पोचली नाही. त्यामुळे 14 जानेवारी 2005 ला ब्रॉडबँडची घोषणा झाली, तेव्हा आमच्या वाट्याला आलं ते बीएसएनएलचं डेटावन, फोनच्या त्याच जुन्या तांब्याच्या वायरीवरून. वेग 256 केबीपीएस. त्याच जानेवारीत केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या उपकरणांवरची परवान्याची अट काढून टाकली आणि घरच्या वायफायला रान मोकळं झालं. पुढच्या वीस वर्षांत पालघर-बोईसरच्या घराघरांत लॅपटॉपपुढे बसून जी डोकेफोड झाली, तिची दोन्ही मुळं अशी एकाच महिन्यातली आहेत. रस्त्यावरून घरातल्या मॉडेमच्या डब्यापर्यंतचा एक टप्पा, डब्यापासून लॅपटॉपपर्यंतचा दुसरा. बहुतेकांचा वेळ गेला तो एका टप्प्यातला बिघाड दुसऱ्यात हुडकण्यात.

सुरुवातीला दोष बहुतेकदा पहिल्या टप्प्याचा असे. समुद्र जवळ, हवा खारी, त्यात जूनपासून धो धो पाऊस. खांबावरच्या पेटीतले जोड हिरवे पडत, जॉइंटमध्ये पाणी शिरे, फोनवर खरखर ऐकू आली की समजायचं, आता मॉडेमचा डीएसएलचा दिवा नाचणार. तो दिवा स्थिर नसेल तर लॅपटॉपमध्ये काहीही केलं तरी उपयोग नव्हता. वीज कडाडली की शहाणी माणसं फोनची पिन आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवत. न काढणाऱ्यांचे मॉडेम जळत. भारनियमनाचाही तोच काळ. दिवे आले की मॉडेम पुन्हा लाइन पकडेपर्यंत हात बांधून बसायचं. बीएसएनएलच्या पाचशे रुपयांच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे, म्हणून अख्खी पिढी दोनचा गजर लावून झोपली. आज हे मुलांना सांगितलं तर ती हसतात.

त्या मॉडेमला बहुतेकदा एकच पोर्ट असे, वायफाय नसे. लॅपटॉप घरात आला तसा शटलने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडवरून वायरलेस राउटर आणायची टूम निघाली. इथे एक गमतीचा सापळा होता. बऱ्याच मॉडेमचा आणि बऱ्याच राउटरचा कारखान्यातून येतानाचा आयपी पत्ता एकच, 192.168.1.1. दोन्ही एकमेकांना जोडले की एकाच घरावर दोन मालक. लॅपटॉपवर सिग्नलच्या पाचही दांड्या भरलेल्या, आणि पान एकही उघडत नाही. तारापूर अणुवीज केंद्राच्या टॅप्स कॉलनीपासून पालघरच्या माहीम रस्त्यापर्यंत किती जणांनी यापायी नवा राउटर 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत नेला असेल, देव जाणे. उपाय पाच मिनिटांचा होता: राउटरचा पत्ता बदलून 192.168.2.1 करायचा, किंवा मॉडेम ब्रिजवर टाकून युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरायचा. पण ते सांगणारा माणूस शेजारी हवा.

विंडोज एक्सपीच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण येई, 'लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी'. लॅपटॉपचा पत्ता 169.254 ने सुरू झालेला दिसला की समजावं, राउटरने याला पत्ताच दिलेला नाही, यानेच मनाने लावून घेतलाय. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग रिलीज आणि रिन्यू टाइप करणारा मुलगा तेव्हा सोसायटीत डॉक्टरच्या तोडीचा मानला जाई. आणि खरं सांगायचं तर निम्म्या घरांत एवढंही लागत नसे. काही लॅपटॉपच्या पुढच्या कडेला नखाएवढी सरकती कळ होती, ती फडक्याने पुसताना सरके. एचपीच्या कित्येक मॉडेलांवर वायफायचा दिवा चालू असताना निळा, बंद असताना नारिंगी. नारिंगी दिवा समोर लागलेला असताना विंडोज नव्याने टाकून घेतलेली घरं मी पाहिली आहेत.

मग आला पासवर्डचा काळ, आणि तो आला भलत्याच वाटेने. 26 जुलै 2008 च्या अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी धमकीचा ई-मेल गेला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. त्या माणसाचा स्फोटांशी काही संबंध नव्हता, पण चौकशी त्याच्या मागे लागली. जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यावर फिरू लागले. ती धास्ती लोकलच्याही आधी विरार ओलांडून इकडे आली. डहाणूपर्यंतची लोकल सुरू व्हायला 16 एप्रिल 2013 उजाडलं. लोकांनी घाईघाईने राउटरला कुलूप लावलं. कोणी डब्ल्यूईपी हे जुनं कुलूप निवडलं, जे तोपर्यंत फोडायला सोपं ठरलेलं होतं. कोणी शहाणपणाने डब्ल्यूपीए-2. आणि डब्ल्यूपीए-2 लावताच जुने एक्सपीवाले लॅपटॉप जोडलेच जाईनात, कारण एक्सपीच्या सर्व्हिस पॅक 2 मध्ये त्यासाठी वेगळी दुरुस्ती टाकावी लागे. सर्व्हिस पॅक 3 मध्ये ती आयती होती. पासवर्ड बरोबर, तरी नकार. मग काय, कुलूप काढून टाकलं! सुरक्षेचा हट्ट आणि जुनं यंत्र यांची ही ओढाताण आजही मिटलेली नाही.

पालघरचं नाव नोव्हेंबर 2012 मध्ये देशभर गाजलं. फेसबुकवरच्या मजकुरावरून इथल्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ त्यामुळे चर्चेत आलं आणि 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. वायफायच्या बिघाडाशी याचं नातं नाही, पण घरातल्या त्या डब्याकडे आईवडील धाकाने बघू लागले ते तेव्हापासून. 'कोणाला पासवर्ड देऊ नकोस गं' हे वाक्य आमच्याकडे याच दिवसांत रुळलं.

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. पालघर, उमरोळी, बोईसर सगळीकडे इमारती उठल्या आणि बिघाड पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात सरकला. बैठ्या घरात राउटर कुठेही ठेवला तरी चाले. इमारतीत मध्ये काँक्रीटच्या भिंती, आणि वरखाली, आजूबाजूला प्रत्येकाचा राउटर. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. त्यावर वीस घरं बोलणार. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात काम करतो, तोही भर घालतो. काही जण रिकामं म्हणून 13 नंबरचं चॅनेल निवडत. भारतात त्याला मुभा आहे, पण अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या लॅपटॉपला ते दिसतच नसे. मोबाइलवर चालतंय, लॅपटॉपवर नाव सुद्धा नाही. नवशिक्याला वेड लावणारी ही अवस्था.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि अनेकांनी लँडलाइन काढूनच टाकली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागू लागलं. तांब्याच्या वायरी खांबांवर लोंबत राहिल्या.

मार्च 2020 च्या टाळेबंदीत सगळ्यांना एकदम पक्की लाइन हवी झाली. चर्चगेटला जाणारा माणूस घरी, तारापूर एमआयडीसीतल्या कंपनीचा अकाउंटवाला घरी, मुलांची शाळा घरी. त्या उन्हाळ्यात एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "मोबाइलवर चालतंय की, मग लॅपटॉपला काय धाड भरली?" लॅपटॉप वायफायला जोडलेला होता, पत्ता नीट मिळालेला होता, तरी प्रत्येक साइट 'असुरक्षित' म्हणून दार लावून घेत होती. मी म्हटलं, "गुरुजी, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?" ते म्हणाले, "एक जानेवारी... अरे, साल भलतंच आहे!" आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती, घड्याळ मागे गेलं होतं, आणि प्रमाणपत्राची मुदत तपासणाऱ्या ब्राउझरला सगळ्याच साइट खोट्या वाटत होत्या. तारीख सुधारली, नेट सुरू. नातीचा तास सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून आणखी गप्पाही झाल्या. जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर तेव्हा या भानगडी नव्हत्या. तिथे मुळात रेंजच नव्हती.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर झाडं आणि खांब पाडले. तोवर फायबर घरोघरी पोचू लागलं होतं. फायबरला गंज चढत नाही, वीज पडून डबा जळण्याची भीतीही कमी. आता वैरी जेसीबी. रेल्वेचे जादा रूळ, बुलेट ट्रेन, गटारं, पाण्याच्या लाइनी, पालघर-बोईसर पट्ट्यात कुठे ना कुठे खणलेलं असतंच. डब्यावर लॉसचा लाल दिवा लागला की प्रकाश घरापर्यंत येत नाहीये, हे शंभर टक्के. तेव्हा लॅपटॉप उघडू सुद्धा नये. लाइनवाल्याला फोन करावा.

नव्या राउटरांनी दुसऱ्या टप्प्यात नवे घोळ आणले. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो आणि जुन्या लॅपटॉपला कळतच नाही. वायफाय-6 चा राउटर बसवला की इंटेलच्या काही जुन्या कार्डांना जुना ड्रायव्हर असेल तर नेटवर्कचं नावच दिसत नाही. ड्रायव्हर नवा टाकला की दिसतं. डब्ल्यूपीए-3 च सक्तीचं ठेवलं तर जुनी यंत्रं बाहेर, म्हणून राउटरमध्ये 2 आणि 3 दोन्ही चालतील असा पर्याय निवडावा.

तक्रार नोंदवण्याआधी एवढं करा. राउटरचे दिवे बघा. मोबाइलचा डेटा बंद करून, लॅपटॉपच्या शेजारी बसून त्याच वायफायवर एक पान उघडा. उघडलं नाही, तर बिघाड राउटरचा किंवा त्यामागच्या लाइनचा. उघडलं, तर लॅपटॉपची कळ, तारीख, ड्रायव्हर याच क्रमाने तपासा आणि राउटर टीव्हीच्या मागे असेल तर बाहेर काढा. एवढं करूनही जमलं नाही तर लॅपटॉप भंगारात देऊ नका. यूएसबीला लागणारं वायफायचं अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतं आणि दहा वर्षांचा लॅपटॉपही त्यावर बहुधा चालतो.