सरकारी खरेदी आणि अपंगांची रोजी

अमेरिकेंतील सरकारी कचेऱ्यांत 'स्किलक्राफ्ट' नांवाचें एक साधें काळें बॉलपेन आढळतें. १९५२ सालापासून हें पेन अंध कामगार जुळवीत आले आहेत. सरकार तें घेतें, तें दयाबुद्धीनें नव्हे, तर कायद्यानें. त्या कायद्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

मंदीच्या काळांत, २५ जून १९३८ रोजीं, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं वॅग्नर-ओडे कायद्यावर सही केली. अंधांच्या कारखान्यांतील झाडू, कुंचे इत्यादि माल मध्यवर्ती सरकारच्या खात्यांनीं घ्यावा, असा त्याचा आशय होता. मालाची यादी आणि रास्त बाजारभाव सरकारनें नेमलेली समिति ठरविते. यादींत माल आला कीं टेंडरें मागविण्याचें कारण उरत नाहीं. मात्र संस्था नफ्यासाठीं चालविलेली नसावी, आणि वर्षाकाठीं प्रत्यक्ष कामाचे शेंकडा ७५ तास तरी अपंगांनींच भरलेले असावे, अशी अट आहे. १९७१ सालीं सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या पुढाकारानें इतर तीव्र अपंगांनाही कायद्याचा लाभ मिळाला, आणि मालाबरोबर साफसफाईसारखीं कामेंही त्यांत आलीं. आज ही योजना 'एबिलिटीवन' या नांवानें चालते.

दान एकदांच मिळतें. नियमित मागणीनें मात्र रोजचें काम मिळतें. हा या योजनेचा मोठा गुण होय. पण काम मिळालें म्हणजे न्याय मिळालाच, असें नाहीं. त्याच दिवशीं रूझवेल्ट यांनीं किमान वेतनाच्या कायद्यावरही सही केली होती, आणि त्यांत अपंगांना परवान्यानें कमी मजुरी देण्याची मुभा होती. म्हणजे एका कायद्यानें काम दिलें, तर दुसऱ्यानें त्याचें मोल कमी करूं दिलें! या योजनेच्या कंत्राटांपुरती ती मुभा बंद व्हावयास २०२२ साल उजाडलें.

दुसरा आक्षेप ७५ टक्क्यांच्या अटीवर आहे. तिच्यामुळें काम अपंगांच्याच हातीं राहतें, हें खरें. परंतु तिच्यामुळेंच ते इतर कामकऱ्यांपासून वेगळेही पडतात. उलट समर्थक विचारतात, इतर कारखान्यांचीं दारें उघडत नसतील, तर यांनीं जावें कोठें?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून अशा खरेदीची पारख करतांना किती झाडू घेतले, एवढेंच मोजून भागणार नाहीं. कामगाराच्या हातीं पुरी मजुरी पडली काय, आणि त्याच्या इच्छेप्रमाणें दुसरीकडे काम धरण्याची वाट त्याला मोकळी झाली काय, हेंही पाहिलें पाहिजे.