पाटाला पाणी, सरी कोरडी

या पानावर मी नेहमी बेणे, खते नि खोडव्याविषयी लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे.

आमच्या थोरल्या वहिनी पन्नाशीच्या. चार वर्षांमागे म्हणू लागल्या, "भाऊजी, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळतच नाही बघा. डोळ्यांत रेती गेल्यागत खुपतंय." तांब्यावर तांबे पाणी प्यायच्या, तरी तोंड कोरडेच. दाढा भराभर किडल्या. सकाळी बोटे आखडायची. साखर तपासली, ती नव्हती. कोणी वयावर ढकलले, कोणी उन्हावर. माझे मत, सांगायला लाज वाटते, पण 'बायकांची कुरकुर' असेच होते.

मग एका डॉक्टरांनी रक्ताची एएनए नावाची तपासणी करवली. ती निगेटिव्ह आली. "काही नाही" म्हणून घरी पाठवले. त्यात आणखी एक वर्ष गेले.

शेवटी पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांना दाखवले. त्यांनी रोगाचे नाव सांगितले, शोग्रेन. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा १९ स्त्रियांची हकीकत मांडली, त्यांतल्या १३ जणींना सांधेदुखी होती. यात कुंपणच शेत खाते. रोगजंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा आपल्याच लाळेच्या नि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. बायकांत हा रोग पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त.

या लढाईच्या खुणा रक्तात सापडतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. शोग्रेनमध्ये मुख्य खूण एसएसए, म्हणजेच 'रो'. दुसरी एसएसबी किंवा 'ला', पण ती एकटी आली तर तिच्यावर निदान उभे राहत नाही. एएनए निगेटिव्ह असूनही 'रो' पॉझिटिव्ह निघू शकते, म्हणून ती वेगळी मागवावी लागते. वहिनींची पॉझिटिव्ह निघाली.

आपल्याकडे पान पिवळे पडले की कोणी थेट हिराकस टाकतो. लोह कमी असेल, नत्र कमी असेल, नाहीतर नुसते पाणी साचले असेल. इथेही तसेच. निरोगी माणसाचीही एएनए पॉझिटिव्ह येते, आणि बऱ्याच रोग्यांत 'रो' सापडतच नाही. तेव्हा ओठाच्या आतल्या बारीक लाळग्रंथींचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डोळ्यासाठी खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवतात. पाच मिनिटांत ओल ५ मिलिमीटर किंवा कमी चढली तर अश्रू कमी. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत 'रो'ला ३ गुण, ओठाच्या तुकड्याला ३, पट्टीला १. एकूण ४ झाले की शोग्रेन धरतात. हे निकष मुळात संशोधनासाठी, पण डॉक्टरांना दिशा देतात. वहिनींची पट्टी ३ वरच थांबली.

लेकी-सुनांच्या बाबतीत एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवा. 'रो' पॉझिटिव्ह असेल तर दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. अशा शंभर गरोदरपणांत एक-दोनदा पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून गर्भाच्या हृदयाची तपासणी करत राहतात.

रोग मुळातून जात नाही. वहिनी डोळ्यांत थेंब घालतात, गोड कमी केले, दातांच्या डॉक्टरांकडे नेमाने जातात. गालाखाली किंवा मानेला गाठ वाढली तर लगेच यायचे, असे पुण्याच्या डॉक्टरांनी बजावले आहे. दर रविवारी त्या स्वतःच आरशासमोर मान चाचपून बघतात.