चरीचा संप आणि त्यानंतरची वीस वर्षे

कोकणातला खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला. कुळाकडून पिकाचा वाटा घ्यायचा, ठरलेला सारा सरकारात भरायचा, उरेल ते आपले. वर कुळाने त्याच्या घरी वेठ करायची ती वेगळीच. १८८० च्या खोती कायद्याने या कारभाराला सरकारी शिक्का मिळाला. खोतांत ब्राह्मण, मराठे, मुसलमान सगळे होते. कुळे बहुतेक कुणबी, आगरी, महार.

ऑक्टोबर १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी शेत न कसण्याचे ठरवले. आसपासची गावेही संपात उतरली. जमीन पडीक राहिली की खोताचे उत्पन्न थांबे, तशी कुळाची चूलही विझे. जंगलातली लाकडे विकून लोकांनी दिवस काढले, पण संप १९३९ पर्यंत टिकवला.

डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले होते. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मोर्चाने विधानसभेवर गेले. विधेयक काही मंजूर झाले नाही. मताचा हक्क तेव्हा मालमत्ता, सारा किंवा शिक्षण पाहून मिळे. ज्यांच्यासाठी हा कायदा हवा होता, त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हते.

तरी सरकारला हलावे लागले. १९३९ च्या कूळकायद्यात 'संरक्षित कूळ' आले, १९४८ मध्ये नवा कूळकायदा झाला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले.

मधल्या काळात मालक स्वस्थ बसले नव्हते. दांडेकर आणि खुदानपूर या अभ्यासकांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कूळकायद्याच्या पाहणीत दिसले की, अनेक कुळांनी जमिनी 'राजीखुशीने' सोडल्याची नोंद होती. ही राजीखुशी कसली, हे गावात सर्वांना ठाऊक होते. ज्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरात चढलेच नाही, त्याला कायद्याचा उपयोग नव्हता.

खोती गेली ती मुळात कुळांनी सहा वर्षे उपाशीपोटी धरलेल्या हट्टामुळे. विधिमंडळाने त्यावर उशिरा सही केली. आणि सही झाल्यावरही जमीन त्यालाच मिळाली, ज्याला आपली नोंद राखता आली.