जीमेल अचानक बंद पडलं? कारण लग्नाचे व्हिडिओ असू शकतात! गुगल फोटोजचे फुकटचे १५ जीबी पुरवायचे कसे?

नोकरीच्या मुलाखतीचा मेल येणार असतो. तो येतच नाही. पाठवणाऱ्याकडे तो परत जातो आणि ज्याच्यासाठी होता त्याला पत्ताही नसतो. नेट चालू, फोन चालू, पासवर्डही बरोबर. मग बिघडलं काय? तर गेल्या आठवड्यात चुलत बहिणीच्या हळदीत काढलेले व्हिडिओ गुगल फोटोजवर चढले आणि खात्यातली जागा संपली.

आता फोटोंचा आणि मेलचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. पण गुगल जे १५ जीबी फुकट देतं ते एकट्या फोटोंसाठी नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज अशा तिघांची ती सामाईक खोली आहे. ती भरली की फोटोंचा बॅकअप तर थांबतोच, शिवाय मेल येणं-जाणंही थांबतं. भरीस भर म्हणजे ॲण्ड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच १५ जीबीत मोजला जातो. आधी तो मोजला जात नसे.

खरं तर एकेकाळी ही चिंताच नव्हती. मे २०१५ मध्ये गुगल फोटोज आलं तेव्हा 'हाय क्वालिटी'त हवे तेवढे फोटो फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ती सवलत बंद झाली. यात गुगल एकटं नाही. फ्लिकरने २०१३ मध्ये तब्बल १ टीबी जागा फुकट दिली आणि २०१८ मध्ये मोफत खात्यांवर १००० फोटोंची मर्यादा जाहीर केली. फोटोबकेटने तर २०१७ मध्ये कहरच केला. तिथे ठेवलेले फोटो दुसऱ्या वेबसाइटवर दाखवायचे असतील तर वर्षाला सुमारे ४०० डॉलर भरा, असा नियम आला आणि जगभरातल्या असंख्य पानांवर फोटोंच्या जागी राखाडी चौकोन दिसू लागले.

जागा नेमकी खातं कोण?

मोबाइलचा साधा फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. त्या हिशेबाने १५ जीबीत साडेतीन-चार हजार फोटो सहज बसावेत. गणित बिघडतं ते व्हिडिओमुळे. फोर-के व्हिडिओचं एक मिनिट फोननुसार दीडशे ते चारशे एमबी खातं. म्हणजे वरातीतला तो पाच मिनिटांचा नाच, जो नंतर कुणीच पाहत नाही, दोन-चारशे फोटोंची जागा घेऊन बसतो.

म्हणून सफाई करताना एकेक फोटो उडवत बसणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. गुगल फोटोजच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे. तिथे मोठे व्हिडिओ, स्क्रीनशॉट आणि धूसर फोटो वेगवेगळे काढून दाखवले जातात. मोठ्या व्हिडिओंपासून सुरुवात केली की दहा मिनिटांत कित्येक जीबी मोकळे होऊ शकतात. फक्त त्यानंतर ट्रॅशही रिकामं करायचं. बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस तिथेच पडून असतो.

इथे एक गंमत आहे. १ जून २०२१ च्या आधी 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो १५ जीबीत मोजलेच जात नाहीत. जागा करायची म्हणून अनेक जण नेमके तेच जुने फोटो आधी उडवतात. आठवणीही जातात आणि जागाही मिळत नाही!

दुसरा चोर म्हणजे व्हॉट्सॲप. गुगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये फोनमधले फोल्डर दिसतात. त्यात व्हॉट्सॲप इमेजेसचं फोल्डर चालू असेल तर 'शुभ सकाळ'चं प्रत्येक फूल आणि चतुर्थीच्या शुभेच्छांचा प्रत्येक गणपती गुगलवर जपून ठेवला जातो. ते बंद करावं. शिवाय व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या चॅट बॅकअपमध्ये 'व्हिडिओ समाविष्ट करा' हा पर्याय असतो, तोही बंद केला तर बराच फरक पडतो.

ओरिजिनल की स्टोरेज सेव्हर?

'स्टोरेज सेव्हर' निवडलं की फोटो थोडा दाबला जातो, १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर तेवढा लहान केला जातो आणि मोठा व्हिडिओ १०८०पीवर आणला जातो. १६ मेगापिक्सेलमधून २४ बाय १६ इंचांपर्यंत चांगली छपाई होते, असं गुगल सांगतं. ५० मेगापिक्सेलची जाहिरात करणारे बरेचसे फोन नेहमीच्या मोडमध्ये १२ मेगापिक्सेलच्या आसपासचाच फोटो काढतात. त्यामुळे घरगुती फोटोंसाठी स्टोरेज सेव्हर पुरेसं आहे. फोटोग्राफी हा ज्यांचा धंदा आहे त्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. आधीच ओरिजिनलमध्ये चढवलेले फोटोही वेबवरच्या सेटिंगमधून स्टोरेज सेव्हरमध्ये बदलता येतात, पण एकदा बदलले की माघार नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो डिलीटच्या बटणावर. फोन भरला म्हणून गुगल फोटोज ॲपमध्ये जाऊन फोटो साधेपणाने डिलीट केला, तर तो फोनमधून आणि गुगलवरून, दोन्हीकडून जातो. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरायचं. ते बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती तेवढ्या काढतं. मात्र बॅकअप स्टोरेज सेव्हरमध्ये असेल तर मूळ आकाराचा फोटो तिथेच कायमचा संपला, हे लक्षात घेऊनच ते बटण दाबावं.

लग्नाचा अल्बम, आणि लिंक कुठवर गेली?

साखरपुडा असो की बारसं, फोटो गोळा करायला शेअर्ड अल्बम हा व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा कितीतरी चांगला. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, अल्बममध्ये तो ज्या दर्जात चढवला त्याच दर्जात राहतो. शिवाय प्रत्येक पाहुणा जे फोटो टाकतो ते त्याच्याच खात्यात मोजले जातात. यजमानाची जागा खर्च होते ती त्याने ते स्वतःच्या लायब्ररीत सेव्ह केले तरच.

पण अल्बमची लिंक म्हणजे घराची किल्ली. ज्याच्या हातात लिंक, त्याला फोटो दिसणार, मग ती कुणी पुढे कुठेही पाठवलेली असो. लहान मुलांचे फोटो असतील तर काम झाल्यावर अल्बमच्या पर्यायांमधून लिंक शेअरिंग बंद करावं. फोटो कुठे काढला ते ठिकाण दाखवायचं की नाही, तोही पर्याय तिथेच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खातं सलग २ वर्षं वापरलंच नाही, किंवा ठरलेल्या जागेपेक्षा जास्त भरून २ वर्षं तसंच राहिलं, तर त्यातला मजकूर गुगल काढून टाकू शकतं. वडील गेल्यावर त्यांचा फोन कपाटात जातो, पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, आणि घरातले वीस वर्षांचे फोटो त्याच खात्यात असतात. यासाठी गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. ३ ते १८ महिन्यांमधली ठरवलेली मुदत उलटली की निवडलेल्या व्यक्तींना, जास्तीत जास्त दहा जणांना, कळवलं जातं आणि परवानगी दिली असेल तर डेटाही मिळतो. हे आईवडिलांच्या फोनवर, त्यांच्यासोबत बसूनच लावून द्यावं लागतं.

आणि दुसरी प्रत हवीच. 'गुगल टेकआउट'वरून सगळे फोटो झिप फाइलमध्ये मागवता येतात. तयार व्हायला काही तास, कधी काही दिवसही लागतात आणि आलेली डाउनलोड लिंक साधारण आठवडाभरच चालते. तेव्हा मागणी टाकण्याआधी घरात पुरेशी मोठी हार्ड डिस्क आहे ना, ते बघून घ्यावं.